रात्री आठ वाजून अकरा मिनिटं

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या व्हॅलेन्सिया शहराला लागून दक्षिणेकडे पैपोर्ता, पिकान्या, मासानासा, कातारोखा, आल्फाफार अशी गावं एकमेकांना खेटून उभी आहेत. नोकरी शहरात आणि घर इथे, अशा माणसांचा हा पट्टा. पोयो नावाचा एक ओढा या वस्तीतून पुढे जातो. वर्षातले बहुतेक दिवस त्यात पाणी नसतं. वरच्या डोंगरात मोठा पाऊस झाला की मात्र सगळं पाणी काही तासांत खाली येतं.

२९ ऑक्टोबर २०२४, मंगळवार. त्या एका दिवसाच्या पुरात व्हॅलेन्सिया प्रांतात सव्वादोनशेहून अधिक माणसं गेली. हवामानाचा अंदाज चुकलेला नव्हता. पाऊस मोजणारी यंत्रं होती, ओढ्यातला प्रवाह मोजणारं यंत्र होतं, आणि प्रांतातल्या प्रत्येक मोबाइलवर एकाच वेळी कर्कश गजर वाजवण्याची सोयही होती. तो गजर वाजला रात्री ८:११ ला. तपास करणाऱ्या न्यायाधीशांचं निरीक्षण आहे की बहुसंख्य मृत्यू त्याआधीच झाले होते.

तोवरच्या तासांचा हा हिशेब आहे.

सोमवार, २८ ऑक्टोबर, संध्याकाळ

स्पेनची राष्ट्रीय हवामान संस्था काही दिवसांपासून सांगत होती की भूमध्य समुद्रावर थंड हवेचा एक तुकडा वरच्या थरात अडकून पडणार आहे. उबदार समुद्रावरची दमट हवा त्याखाली वर चढते, डोंगराला आदळते आणि एकाच जागी तासन्‌तास कोसळते. स्पेनमध्ये अशा स्थितीला ‘दाना’ म्हणतात. दर शरद ऋतूत हा शब्द बातम्यांत येतो, त्यामुळे लोकांना त्याची सवय झालेली.

व्हॅलेन्सिया विद्यापीठाने त्या संध्याकाळीच निर्णय घेतला की उद्या वर्ग भरणार नाहीत. माहिती सगळ्यांसमोर होती तीच होती. विद्यापीठाने तिच्यावरून निर्णय घेतला, एवढाच फरक.

मंगळवार, सकाळी साडेसात

हवामान संस्थेने इशारा नारिंगीवरून लाल केला. लाल म्हणजे सर्वांत वरची पायरी, जिवाला धोका. डोंगराकडच्या उतिएल गावात नगराध्यक्षांनी सकाळीच शाळा बंद ठेवल्या. त्या दिवशी त्यांच्या गावातही माणसं गेली, पण मुलं शाळेत किंवा वाटेत अडकलेली नव्हती. किनाऱ्याकडच्या गावांत मात्र नेहमीसारखा मंगळवार सुरू झाला. दुकानं उघडली, कारखान्यांच्या पाळ्या लागल्या.

दुपारी १२:०७

नद्यांचं काम पाहणारं हुकार खोऱ्याचं प्राधिकरण केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतं, तर आपत्कालीन सेवा प्रादेशिक सरकारच्या. प्राधिकरणाकडून आपत्कालीन केंद्राला ईमेल गेला: पोयो ओढ्यात सेकंदाला २६४ घनमीटर पाणी वाहतं आहे. आपल्याकडच्या मापात सांगायचं तर सुमारे नऊ हजार क्युसेक. एरवी कोरड्या असलेल्या ओढ्यासाठी ही वाढ धडकी भरवणारी होती. आपत्कालीन केंद्राने १२:२० च्या सुमारास पोयो, माग्रो आणि हुकार या तिन्ही खोऱ्यांसाठी जलसतर्कता जाहीर केली आणि ती नगरपालिकांकडे पाठवली.

ही सतर्कता रात्रीपर्यंत मागे घेतली गेली नाही. कागदावर ती सगळा वेळ जिवंत होती. ओढ्याकाठच्या रहिवाशाला मात्र तिचा अर्थ कुणी सांगितला नव्हता: गाडी कुठे लावू, आईला वरच्या मजल्यावर नेऊ का, मुलाला शिकवणीला पाठवू का.

दुपारी एकच्या सुमारास

प्रादेशिक सरकारचे अध्यक्ष कार्लोस माथोन पत्रकारांसमोर आले. हे पद साधारण आपल्या मुख्यमंत्र्यासारखं. त्यांनी सांगितलं की वादळ कुएन्काच्या डोंगरांकडे सरकतं आहे आणि सहाच्या सुमारास जोर ओसरेल. त्याची चित्रफीत समाजमाध्यमावर टाकली गेली आणि पुढे ती काढूनही टाकण्यात आली.

त्या दिवसातलं सर्वांत महागात पडलेलं वाक्य हेच, असं माझं मत आहे. लाल इशारा असताना सर्वोच्च पदावरचा माणूस घड्याळातली वेळ सांगून दिलासा देतो, तेव्हा ऐकणारा सहा वाजेपर्यंतचे तास मोजतो आणि सहानंतर घराबाहेर पडायला मोकळा होतो. आणि ओढ्याला पूर आला तो नेमका सहानंतर.

दुपारी दोन ते तीन

व्हॅलेन्सियाच्या प्रांतिक परिषदेने आपल्या कर्मचाऱ्यांना दुपारी दोनच्या सुमारास घरी सोडलं. उतिएलमध्ये माग्रो नदी पात्र सोडून रस्त्यांवर आली. माणसं छतांवर चढली. तीनच्या सुमारास लष्कराच्या आपत्कालीन तुकडीला त्या भागात बोलावण्यात आलं. म्हणजे दुपारी तीन वाजता याच प्रांताच्या वरच्या अंगाला पूर आलेला होता, लष्कर निघालं होतं आणि सरकारला ते ठाऊक होतं. खालच्या गावांकडे अजून तीन तासांहून अधिक वेळ होता, आणि चिवा नावाच्या गावावर आठ तासांत ४९१ मिलिमीटर पाऊस ओतत होता. पोयोचं पाणी त्याच बाजूने खाली येतं.

प्रादेशिक गृहमंत्री सालोमे प्रादास यांनी समन्वय समितीची बैठक बोलावली. वेळ ठरली पाचची.

दुपारी ४:१३

पोयोत प्रवाह २८.७ घनमीटर, म्हणजे हजारेक क्युसेक. दुपारपासूनच्या ईमेलमध्ये हा आकडा खाली खाली येत गेला होता. हा शेवटचा, आणि सर्वांत धीर देणारा. अग्निशमन दलाची माणसंही दुपारी ओढ्याची पातळी पाहून परत गेलेली.

यानंतर पोयोबद्दल प्राधिकरणाकडून पुढचा ईमेल आला तो अडीच तासांनी. हे अडीच तास पुढे राजकारणाचा आखाडा झाले. प्रादेशिक सरकार म्हणतं, आम्हाला अंधारात ठेवलं. प्राधिकरण म्हणतं, प्रवाहाचे आकडे आपोआप सर्वांसाठी खुले होते आणि सतर्कता दुपारपासून लागूच होती. दोन्ही बाजू आपापल्या परीने खरं बोलत असतील. पण एकाने पाठवलं नाही आणि दुसऱ्याने उघडून पाहिलं नाही, यातून पैपोर्ताच्या तळमजल्यावरच्या म्हातारीला काय मिळालं? डोंगरात ढगफुटी चालू असताना खालच्या ओढ्याचा उतरता आकडा हा दिलासा मानायचाच नसतो. पाणी अजून वाटेत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

संध्याकाळी ५:००

लेलियाना इथल्या आपत्कालीन केंद्रात बैठक सुरू झाली. काही जण खोलीत, काही पडद्यावरून. केंद्र सरकारच्या प्रतिनिधी पिलार बेर्नाबे, प्राधिकरणाचे अध्यक्ष, हवामान संस्था, अग्निशमन दल. माथोन नव्हते. ते शहरातल्या एका रेस्टॉरंटमध्ये एका पत्रकारासोबत जेवायला बसले होते आणि तिथून पावणेसातच्या सुमारास बाहेर पडले.

बैठकीचं लक्ष फोराता धरणाकडे लागलेलं होतं. माग्रो नदीवरचं हे धरण वेगाने भरत होतं आणि ते फुटण्याची भीती खरी होती. धरण फुटलं तर काय होतं हे पुण्याला सांगावं लागत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मग खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा गेल्या. तेव्हा फोरातावर डोळे खिळणं समजण्यासारखं आहे. ते धरण टिकलं, आणि ज्यांनी ते टिकवलं त्यांचं श्रेय मोठं आहे. पण एका संकटाकडे पाहताना दुसऱ्याकडे पाहणारं कुणीतरी खोलीत असावं लागतं. पोयोकडे त्या संध्याकाळी कुणी पाहत नव्हतं.

दरम्यान तुरीस या गावात एका तासात १८४.६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. स्पेनच्या इतिहासात एका तासात एवढा पाऊस कधी मोजला गेलेला नाही. चोवीस तासांची बेरीज झाली ७७१.८ मिलिमीटर.

संध्याकाळी सहा ते सात

पैपोर्ता. लोकवस्ती सत्तावीस हजारांच्या आसपास. दोनच दिवसांपूर्वी, रविवारी, हिवाळी वेळेसाठी घड्याळं एक तास मागे केलेली, त्यामुळे सूर्य सहालाच मावळला. गावात पाऊस जवळजवळ नव्हता. वारा होता. लोक कामावरून परतत होते, दुकानं उघडी होती.

हे समजून घेतल्याशिवाय त्या मृत्यूंचा अर्थ लागत नाही. कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस पूर ओळखतो, कारण पंचगंगा आणि कृष्णा दिवसादिवसाने चढतात. बंधारे पाण्याखाली गेल्याच्या बातम्या येतात, घाटाच्या पायऱ्या मोजता येतात, म्हशी आधी हलवता येतात. पैपोर्तात आकाश कोरडं होतं. माणसाचे डोळे त्याला सांगत होते की काही झालेलं नाही. डोळे खोटं सांगत असतात तेव्हाच सरकारी सूचनेची खरी गरज असते, आणि नेमकी तेव्हाच ती आली नाही.

ओढा भरला तो मिनिटांत. आधी पुलाला पाणी टेकलं, मग कठड्यावरून रस्त्यावर आलं. घोट्याएवढं पाणी पाहून लोकांनी एक साधा विचार केला: तळघरातली गाडी वर काढून ठेवू. कर्जाचे हप्ते चालू असलेली गाडी वाचवायला कुणीही तेच केलं असतं. काही जण खाली उतरले आणि मागून पाण्याचा लोंढा उतारावरून आत आला. दार दाबाने उघडेना. काही जण रस्त्यावर गाडीतच अडकले. म्हातारी माणसं तळमजल्यावरच्या घरांत अडकली, जिना चढता येत नाही म्हणूनच त्यांनी तळमजला घेतलेला. मृतांमधली जवळपास निम्मी माणसं सत्तरीच्या पुढची होती. पैपोर्तातल्या एका वृद्धाश्रमात सहा जण गेले. त्या एका गावाने चाळीसहून अधिक माणसं गमावली.

नगराध्यक्षा मारिबेल आल्बालात यांनी केंद्र सरकारच्या प्रतिनिधींना फोन करून सांगितलं की गाव बुडतं आहे. आपत्कालीन क्रमांकावर हजारो फोन येत होते. वर बैठकीत बसलेल्यांकडे नसलेली माहिती खाली गळ्याएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसांकडे होती.

६:४३

प्राधिकरणाचा ईमेल. पोयोत सेकंदाला १,६८६ घनमीटर. सुमारे साठ हजार क्युसेक.

आपल्या ओळखीचा आकडा शेजारी ठेवून पाहा. २५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासल्यातून मुठेत सुमारे पस्तीस हजार क्युसेकचा विसर्ग झाला आणि पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं, लष्कर बोलवावं लागलं. इथे त्याच्या पावणेदोनपट पाणी, मुठेच्या मानाने चिंचोळ्या ओढ्यातून, आणि बहुतेकांच्या हातात वरचा मजला गाठायला दहा मिनिटंही नाहीत.

६:५५

२,२८२ घनमीटर. ऐंशी हजार क्युसेक. ही त्या यंत्राची शेवटची नोंद. त्यानंतर पुराने यंत्रच नेलं.

सात ते आठ

या तासाविषयी मला सर्वांत जास्त बोलायचं आहे.

मोबाइलवर गजर पाठवण्याची सोय नवी नव्हती. स्पेनमध्ये २०२२ मध्ये तिच्या चाचण्या झाल्या होत्या. ३ सप्टेंबर २०२३ ला माद्रिदच्या सरकारने ती पहिल्यांदा खऱ्या पावसासाठी वापरली, लोकांना घरी थांबा म्हणून सांगितलं. शहरात त्या दिवशी भीती होती तेवढा पाऊस पडला नाही आणि उगाच घाबरवलं म्हणून टीका झाली. इशारा देणाऱ्याच्या मनात ही टीका घर करून बसते. चुकीचा ठरलेला इशारा दुसऱ्या दिवशी सगळ्यांना दिसतो आणि त्याची थट्टा होते. न दिलेला इशारा कुणाला दिसत नाही, जोवर मृतदेह मोजावे लागत नाहीत तोवर.

बैठकीत मध्येच खंड पडला होता. संदेश पाठवायचा यावर विचार सुरू झाला तेव्हा प्रश्न आला की लोकांना घरात थांबायला सांगणं कायद्यात बसतं का. मग मजकूर काय असावा यावर चर्चा. प्रादास यांनी नंतर एका मुलाखतीत सांगितलं की अशी यंत्रणा आहे हे आपल्याला त्या रात्री आठच्या सुमारास एका तंत्रज्ञाच्या फोनवरून कळलं. पुढे त्यांनी ते विधान दुरुस्त केलं. त्या पदावर त्या त्याच वर्षीच्या जुलैत आलेल्या होत्या. दुरुस्ती मान्य केली तरी प्रश्न उरतोच. आपत्तीची जबाबदारी असलेल्या माणसाला हाताशी कोणतं साधन आहे, ते कोण चालवतो, मजकूर आधीच लिहून ठेवलेला आहे का, याची रंगीत तालीम पावसाळ्याआधी व्हायला हवी. पूर आल्यावर शब्द जुळवत बसायचं नसतं. ‘वरच्या मजल्यावर जा. गाडीकडे जाऊ नका. तळघरात उतरू नका.’ ही तीन वाक्यं कुठल्याही वकिलाला विचारल्याशिवाय मे महिन्यात लिहून ठेवता आली असती.

रात्री ८:११

प्रांतातले फोन एकदम किंचाळले. ज्यांनी आपल्याकडे २०२३ च्या पावसाळ्यात अशा चाचणीचा गजर ऐकला असेल त्यांना तो आवाज आठवेल. संदेशाचा आशय असा: मुसळधार पावसामुळे, खबरदारी म्हणून, व्हॅलेन्सिया प्रांतात प्रवास टाळा, पुढच्या सूचनांकडे लक्ष ठेवा.

खबरदारी म्हणून. पैपोर्तात, कातारोख्यात, मासानासात माणसं झाडाला, खांबाला, खिडकीच्या गजाला धरून होती. काहींच्या हातात तो फोन वाजला तेव्हा पाणी छातीला होतं. वर चढा, असं त्या संदेशात कुठेही नव्हतं. न्यायाधीश नुरिया रुइस तोबारा यांनी पुढे नोंदवलं की इशारा उशिरा तर आलाच, त्याचा मजकूरही चुकीचा होता.

८:२८

माथोन आपत्कालीन केंद्रात पोहोचले.

त्यानंतर

नऊच्या सुमारास दुसरा गजर झाला, फोराता धरणाखालच्या गावांसाठी. रात्रभर वीज नाही, फोन नाही. सकाळी रस्त्यांवर गाड्यांचे ढीग आणि गुडघाभर चिखल.

व्हॅलेन्सिया शहर मात्र जवळजवळ कोरडं राहिलं. १९५७ च्या ऑक्टोबरात तुरिया नदीने शहर बुडवलं होतं, तेव्हा नदीलाच शहराच्या दक्षिणेकडून नवं पात्र खोदून दिलं गेलं. जुन्या पात्रात आज बाग आहे. नव्या पात्राने २०२४ मध्ये शहर वाचवलं. त्याच्या पलीकडची गावं बुडाली. पुढच्या दिवसांत शहरातले हजारो तरुण फावडी, झाडू, पाण्याचे कॅन खांद्यावर घेऊन त्याच पात्रावरचा पादचारी पूल ओलांडून चालत गेले. कितीतरी गल्ल्यांमध्ये सरकारी गणवेशाआधी हीच मुलं पोहोचली होती.

३ नोव्हेंबर २०२४ ला राजे फेलिपे, राणी लेतिसिया, पंतप्रधान पेद्रो सान्चेस आणि माथोन पैपोर्तात आले तेव्हा लोकांनी त्यांच्यावर चिखल फेकला. ९ नोव्हेंबरला व्हॅलेन्सियात लाखाहून अधिक लोक रस्त्यावर उतरले. प्रादास यांना त्याच महिन्यात मंत्रिमंडळातून काढण्यात आलं आणि पुढे त्या न्यायालयीन चौकशीला सामोऱ्या गेल्या. माथोन वर्षभर पदावर राहिले. त्या वर्षात मृतांच्या नातेवाइकांनी पुन्हा पुन्हा मोर्चे काढले. पहिल्या स्मृतिदिनानंतर, ३ नोव्हेंबर २०२५ ला, माथोन यांनी राजीनामा जाहीर केला.

माझ्या मते त्या दिवशी दोष यंत्रांचा नव्हता आणि पावसाचाही नव्हता. सकाळी साडेसातच्या लाल इशाऱ्यापासून रात्री ८:११ पर्यंत साडेबारा तासांहून अधिक वेळ होता. त्यात विद्यापीठ, उतिएलचे नगराध्यक्ष, प्रांतिक परिषद यांनी आपापल्या अधिकारात निर्णय घेतले. ज्यांच्याकडे सर्वांसाठी निर्णय घेण्याचा अधिकार होता त्यांनी तो घेतला नाही, आणि त्याबद्दल त्यांना शिक्षा व्हायला हवी असं मी मानतो.

आपल्याकडे २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि दर वर्षी पावसाळ्याआधी मान्सूनपूर्व बैठका होतात. एकतानगरीच्या रहिवाशांची २०२४ मधली मुख्य तक्रार हीच होती की पाणी सोडताना आम्हाला वेळेत कुणी सांगितलं नाही. तुम्ही धरणाखाली, ओढ्याकाठी किंवा नाल्यालगत राहत असाल तर या मे महिन्यात आपल्या नगरसेवकाला, सरपंचांना, तलाठी कार्यालयात जाऊन विचारा: रात्री विसर्ग वाढला तर आमच्या गल्लीत निरोप कोण आणणार? तो माणूस रजेवर असेल तर त्याच्या जागी कोण? आणि निरोपात काय लिहिलेलं असेल, ते आजच आम्हाला वाचून दाखवा.